वडिलांच्या हृदयाची झडप आकुंचली आहे, पण ऑपरेशनही धोक्याचं सांगितलंय. निर्णय कसा घ्यावा?

वडिलांचं वय 77, महाधमनीची झडप अरुंद झालेली, आणि सर्जननी धोका सांगून निर्णय घरच्यांवर सोडलाय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या आईलाही हाच आजार होता, म्हणून लिहितो.

आम्ही भावंडं तीन आठवडे एकच विचारत होतो, ऑपरेशनमध्ये काही झालं तर? नाही केलं तर काय होईल, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट समोर ठेवून समजावलं. निरोगी झडप 3 ते 4 चौरस सेंटीमीटर उघडते. आईची जेमतेम 0.7 उघडत होती. गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, धाप जरा बसते, पण झडप काही मोकळी होत नाही. धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं अशी लक्षणं सुरू झाल्यावर उपचार केले नाहीत, तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दोन वर्षंही काढत नाहीत. तोवर आम्ही थांबणं म्हणजे सुरक्षित राहणं, असंच धरून चाललो होतो.

वडिलांसाठी टावी जमेल का, हे जरूर विचारा. यात जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवतात, छाती उघडावी लागत नाही. 2002 साली फ्रान्समध्ये ही पद्धत माणसावर पहिल्यांदा वापरली गेली आणि आता या वयात बहुधा आधी तिचाच विचार होतो. सगळ्यांना ती चालते असं नाही, ते सीटी स्कॅनवरून ठरतं. काहींना नंतर पेसमेकर लागतो. आईच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही अडथळे होते, म्हणून बायपास आणि झडप एकाच वेळी, छाती उघडून करायचा सल्ला मिळाला. त्यात मूत्रपिंडं कमजोर. आमचा पेच तिथे होता.

आणि हे सगळं आम्ही आईपासून लपवत होतो. याचं मला अजून वाईट वाटतं. तिला सर्जनसमोर नेलं तेव्हा तिने एकच विचारलं, "माझी अंघोळ मला करता येईल ना?" तोवर टक्केवारीत बोलणारे सर्जन थांबले. त्यांनी तिला खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं, चालायला लावलं, पक्षाघाताची शक्यता किती तेही स्पष्ट सांगितलं. संमतीच्या कागदावर तिने स्वतः सही केली.

एका गोष्टीची मात्र आम्हाला कुणी कल्पना दिली नव्हती. तिसऱ्या रात्री आयसीयूत तिने मला ओळखलंच नाही, नळ्या ओढायला लागली. मी पार खचलो. वयस्कर माणसांत हृदयाच्या ऑपरेशननंतर असा भ्रम बऱ्याचदा होतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत जातो. चष्मा, कानाचं यंत्र हाताशी ठेवा, ओळखीचा आवाज जवळ असू द्या. छातीचं हाड सांधायला दोनतीन महिने गेले. खोकताना ती उशी छातीशी घट्ट धरायची. आज ती आपलं आपण सगळं करते. तुमच्याकडे असंच होईल, असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या; जाताना इको, सीटी, अँजिओग्राफी सगळं बरोबर ठेवा आणि वडिलांना झेपत असेल तर त्यांनाही न्या. पण ते चक्कर येऊन पडले असतील किंवा आडवं झाल्यावर धाप लागत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, आजच दाखवा.