आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) सुरू करतोयस ना? मग हे आधी वाच

विषय निवडताना घाई करू नकोस. सहापैकी किमान तीन विषय हायर लेव्हलला घ्यावे लागतात. हायरला २४० तास शिकवणं असतं, स्टँडर्डला १५०, म्हणजे फरक चांगलाच जाणवतो. मित्र घेतोय म्हणून हायर गणित घेऊ नकोस. पुढे जे शिकायचंय त्यासाठी विद्यापीठाच्या अटी काय आहेत ते बघ.

एक्स्टेंडेड एसेची, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायच्या निबंधाची, मर्यादा ४००० शब्दांची. लिहिणं तितकं जड नाही, नेमका प्रश्न सापडायलाच वेळ लागतो. माझा तीनदा बदलला, म्हणून सांगते, पहिल्या वर्षीच वाचायला लाग.

आणि कॅसच्या (क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस, म्हणजे अभ्यासाबाहेरचे उपक्रम) नोंदी साठू देऊ नकोस. त्याला गुण नाहीत, पण ते अपुरं राहिलं तर बाकी गुण कितीही असोत, डिप्लोमा मिळत नाही.