वॉर्डात हात थरथरतात तेव्हा

"मॅडम, कॉलेजातल्या सरावाच्या पुतळ्यावर सगळं जमतं, वॉर्डात गेलं की हात थरथरतात. मी नर्स होऊ शकेन का?" हा प्रश्न नर्सिंगच्या विद्यार्थिनींकडून मी इतक्यांदा ऐकला आहे की, वॉर्डातली पोस्टिंग सुरू झाल्यावर महिन्याभरात तो येणार हे मी धरूनच चालते. त्याचे उत्तर म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या, जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

सलाईन लावताना दोनदा तिला शीर सापडली नव्हती. दुसऱ्या वेळी रुग्णाचा मुलगा सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला, "हे पोट्टी अजून शिकूनच राह्यली, मोठ्या सिस्टरले बोलवा." तेव्हापासून ती ट्रे तयार करून द्यायची आणि मैत्रिणीच्या मागे उभी राहायची. केलेल्या कामांची नोंद ठेवायच्या प्रोसिजर बुकात सह्या मात्र जमत होत्या, आणि तेच तिला अधिक खुपत होते.

"मले पहिल्याच वेळी जमलं पाहिजे होतं," ती म्हणाली.

"असं कोणी ठरवलं?"

"कोणी नाही. पण नाही जमलं म्हणजे मी या लायकीचीच नाही."

माझी घडण अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारपद्धतीत झाली आहे, त्यामुळे माणसाला घटनेपेक्षा घटनेवर त्याने स्वतःच केलेली टिप्पणी अधिक छळते, यावर माझा विश्वास आहे. 'जमलं तर बरं' आणि 'जमलंच पाहिजे' यांतला फरक मी तिला तीन भेटींत समजावला. तिला तो पटला. थरथर मात्र तशीच राहिली. नुसत्या युक्तिवादाने भागत नाही, हे मला इतक्या वर्षांनंतरही अधूनमधून नव्याने शिकावे लागते.

चौथ्या भेटीत मी वेगळेच विचारले: "वॉर्डात तुझ्या लक्षात आलं आणि दुसऱ्या कोणाच्या आलं नाही, असं काही घडलं का?"

ती आधी नाही म्हणाली. मग सहज सांगावे तसे सांगू लागली. कपाशीवरच्या फवारणीचे दिवस होते आणि तिची रात्रपाळी होती. विषबाधा झालेल्या एका मजुराला अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू होते. त्याची नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या आणि घाम यांची नोंद दर तासाला ठेवण्याचे काम तिच्याकडे होते. काख कोरडी आहे का हे हात लावून पाहायला सिस्टरांनी शिकवले होते. पहाटे तिच्या हाताला ओल लागली, श्वासात घरघर ऐकू आली आणि बाहुल्या पुन्हा बारीक झालेल्या दिसल्या, म्हणजे विषाचा अंमल पुन्हा वाढत होता. तिने लगेच सिस्टरांना उठून यायला लावले, त्यांनी डॉक्टरांना बोलावले आणि औषधाची मात्रा वाढवण्यात आली.

"पण मी काहीच केलं नाही, मॅडम. फक्त सांगितलं."

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग विचारले, "कॉलेजातल्या पुतळ्याला घाम येतो का?"

ती हसली आणि त्याच हसण्यात रडू लागली. श्वास पूर्ण एक मिनिट मोजण्याची सवय तिला चुकण्याच्या भीतीनेच लागली होती. जी भीती सुई धरताना तिच्या आड येत होती, तिनेच त्या रात्री तिला जागे ठेवले होते. 'फक्त तुझ्याच लक्षात काय आलं?' हा प्रश्न मी आता प्रत्येकीला विचारते, आणि उत्तर नसलेली मुलगी क्वचितच भेटते.

वॉर्डातले प्रशिक्षण म्हणजे आधीच येत असलेले सिद्ध करण्याची परीक्षा, असा समज बहुतेकींचा असतो. प्रत्यक्षात अनुभवी सिस्टरांच्या नजरेखाली, चूक वेळीच सावरली जाईल अशा ठिकाणी हळू चालण्याची ती मुभा आहे. हाताचे कौशल्य सर्वांना दिसते म्हणून त्याचाच धसका बसतो. पाहणे, मोजणे, लिहिणे आणि वेळेत सांगणे मात्र कोणी टाळ्या न वाजवता अंगवळणी पडत जाते. उद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटीने वॉर्ड सांभाळताना आधार याच सवयींचा असेल.

म्हणून सह्यांच्या मागे धावू नये. न केलेल्या कामाची सही म्हणजे पुढच्या रुग्णावर टाकलेले कर्ज होय. काम करण्याआधी त्याच्या पायऱ्या सिस्टरांना तोंडी सांगाव्यात, दोनदा जमले नाही तर तिसरा प्रयत्न त्यांच्याकडे सोपवावा, आणि औषधात चूक झाली असेल तर ओरडा बसेल म्हणून क्षणभरही लपवू नये. रुग्णासमोर विद्यार्थिनीला फटकारणाऱ्या शिक्षकांविषयीही मला बोलायचे आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

पुढच्या आठवड्यात ती एका म्हाताऱ्या बाईजवळ ट्रे घेऊन गेली. "आजी, मी शिकून राह्यली. एकदा पाह्यते, नाही सापडली तर सिस्टर लावतील."

"पाह्य वं माय," आजी म्हणाली.

शीर त्या दिवशीही सापडली नाही. सिस्टरांनी सलाईन लावले, आणि ही मागे न सरता त्यांच्या शेजारी उभी राहून सुई कोणत्या कोनात आत जाते ते पाहत राहिली.