‘शोभत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे : ‘शोभणे’ हे दिसण्याबद्दलचं क्रियापद. मग ‘असं बोलणं तुला शोभत नाही’ यात ते वागण्याकडे कसं वळलं? सुंदर आणि चांगलं हे मराठीला एकच वाटतं का?

हे दोन अर्थ फार जुने शेजारी आहेत. संस्कृतात ‘शुभ्’ धातूचा अर्थ झळकणं, सुंदर दिसणं. त्यातूनच शोभा आली, शुभ्र आलं आणि शुभही आलं. ‘चांगला’चं मूळ वेगळं, पण वाट हीच : सुंदरकडून चांगल्याकडे. हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकात देशी, म्हणजे संस्कृतातून आलेले दाखवता येत नाहीत अशा, शब्दांचा कोश केला, त्यात ‘चंग’ म्हणजे चारू, सुंदर. आज ‘चांगला माणूस’ म्हटलं की त्याचं रूप कुणाच्या मनातही येत नाही, पण ‘मुलगी दिसायला चांगली आहे’ यात जुना अर्थ अजून जागा आहे.

तरी दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. ‘शोभणे’ची खरी खूण त्याच्या ‘ला’मध्ये आहे. निळा रंग तुला शोभतो, हे वागणं तुला शोभत नाही. कुणाला, ते मनात धरल्याशिवाय हे वाक्य बोलताच येत नाही. ‘चूक’ कुणाचीही चूकच. शोभण्यात मात्र माणूस आणि त्याची कृती यांचा मेळ पाहिला जातो.

‘बरं दिसत नाही’ हे आणखी वेगळं. पाहुण्याला चहाशिवाय पाठवणं बरं दिसत नाही, यात चार लोकांची नजर आहे.

लहानपणी मी भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर खेकसलो होतो. आजी पोळी लाटत होती. लाटणं थांबवून एवढंच म्हणाली, “शोभतं का रे तुला?” पाप, शिक्षा काही नाही. तू याहून बरा आहेस, हे तिने गृहीत धरलं होतं, आणि मला तेच लागलं.

या शब्दाचा जाचही काही थोडाथोडका झालेला नाही. ‘बाईच्या जातीला हसणं शोभत नाही’ म्हणत पिढ्यान्‌पिढ्या बायकांना गप्प बसवलं गेलं. तिथे मेळ माणसाशी बघितलाच नाही, ठरवून दिलेल्या जागेशी बघितला. म्हणून मला हे क्रियापद ‘तुला’पेक्षा ‘मला’बरोबर जास्त आवडतं : “काल मी तुला बोललो, ते मला शोभलं नाही.”