वाईट वागणाऱ्या न्यूज अँकरवरची चांगली विनोदी मालिका कोणती?

उद्धट, स्वतःच्याच प्रेमात असलेल्या न्यूज अँकरवरची विनोदी मालिका तुम्ही विचारली आहे. माझं उत्तर ऑस्ट्रेलियाची ‘फ्रंटलाइन’. तिथल्या एबीसी वाहिनीवर १९९४ ते १९९७ या काळात तिचे तीन सीझन आले. प्रत्येकात १३ भाग, अर्ध्या अर्ध्या तासाचे.

सोलापुरात एका लोकल केबल चॅनेलवर मी पाच वर्षं रोज संध्याकाळचं बुलेटिन वाचायचो, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितोय.

यातला अँकर माईक मूर आरडाओरडा करणारा नाही. मालिकेच्या चार लेखकांपैकी एक असलेल्या रॉब सिचनेच ती भूमिका केली आहे. माईक स्वतःला मोठा पत्रकार समजतो. बातमी कुठली, कशी वळवायची हे प्रोड्युसर ठरवतो. माईकला थोडं चढवलं की तो तयार! कधीमधी त्याला प्रश्न पडतो, पण कौतुकाचे दोन शब्द ऐकले की विरघळतो. त्याचं वाईट वागणं हेच आहे आणि ते मला शिवीगाळीपेक्षा भयंकर वाटतं. ऑफिसातले प्रसंग हातातल्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेत, ‘ऑन एअर’ भाग मात्र एकदम चकाचक. मागे रेकॉर्ड केलेलं खोटं हसूही नाही.

एका भागात बंदूक घेऊन घरात अडून बसलेल्या माणसाला माईक थेट फोनवर घेतो. याला खरा आधार आहे. मार्च १९९३ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या कॅन्गाईजवळ बंदूकधाऱ्यांनी मुलांना ओलीस धरलं होतं. तेव्हा माईक विलसी या नामवंत अँकरने फोन लावून त्यांच्याशी आणि त्या मुलांशीही बोलणं केलं होतं.

तो भाग मी मध्येच थांबवला. एका पावसाळ्यात आमच्याकडे विडी वळणाऱ्या एका बाईच्या घराची भिंत पडली होती. मी तिचा फोनो, म्हणजे फोनवरची मुलाखत, घेत होतो. तिला रडू आवरेना, मी फोन ठेवायला निघालो, तर काचेपलीकडून मालकांनी ‘चालू ठेव’ अशी खूण केली. मी आणखी दोन मिनिटं तिला बोलत ठेवलं. ‘आत्ता काय वाटतंय?’ हेही विचारलं. रात्री पार्क चौकात चहाच्या गाड्यावर मित्र म्हणाला, “लई भारी घेतलास की बे!” मला बरं वाटलं होतं. तेच बरं वाटणं मालिकेतल्या माईकच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या बाईला मी नंतर साधा फोनही केला नव्हता.

पहिल्या सीझनपासून क्रमाने बघा. प्रोड्युसर ब्रायनचं काम करणारे ब्रुनो लॉरेन्स १९९५ मध्ये गेले, त्यामुळे ते फक्त पहिल्यातच आहेत आणि माईकला गोंजारून कामाला लावणं त्यांच्याइतकं सहज नंतर कुणाला जमलेलं नाही. उच्चार अवघड वाटले तर सबटायटल्स लावा.