चार दिवसांच्या क्रूझसाठी विमा हवा का?

प्रश्न : दिवाळीत सासू-सासऱ्यांना घेऊन सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार दिवसांची क्रूझ ठरवली आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे. मेडिक्लेम असताना वेगळा प्रवास विमा लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लागेल, घ्याच. आपला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा भारतापुरताच असतो. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो. डॉक्टरांची फी, सलाइन, औषधं सगळं केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरण्याआधी चुकतं करावं लागतं. कॅशलेस तिथे सहसा चालत नाही. दाव्यांची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून कळकळीने सांगते : डॉक्टरांचा रिपोर्ट आणि तपशीलवार बिल मागून घ्या. नुसत्या कार्डाच्या स्लिपवर भागत नाही.

सासऱ्यांचा मधुमेह अर्जात लिहा, गोळ्यांच्या नावांसकट. एजंट ‘राहू द्या, प्रीमियम वाढेल’ म्हणाला, तरीही लिहा. जुन्या आजारासाठी पैसे फक्त जीव धोक्यात असतानाच मिळणार की एरवीही, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर हलवायचा खर्च घरदार हादरवणारा असतो. सामान हरवल्याच्या भरपाईपेक्षा मी ते कलम आधी बघेन.

पॉलिसीत सिंगापूरबरोबर मलेशिया आणि थायलंडही हवेत. विमान उशिरा पोहोचलं म्हणून जहाज थांबत नाही, तेव्हा आदल्या दिवशीच सिंगापूर गाठा. आणि पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच काढा.