तीन महिन्यांच्या भाड्याला करारनामा कशाला?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातला. वडिलांच्या उपचारांसाठी परळला टाटा मेमोरियलजवळ तीन महिन्यांकरता वन-रूम-किचन घेतलं. भाडं महिना ३२ हजार, डिपॉझिट दीड लाख. त्यातले एक लाख ऑनलाइन दिले, पन्नास हजार रोख. मालक म्हणाले, ‘तीन महिन्यांसाठी रजिस्ट्रेशन कशाला?’ म्हणून ५०० च्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलं. पाच आठवडे झाल्यावर आता सेक्रेटरी म्हणतात, आमच्याकडे पेशंट आणि थोड्या दिवसांचे भाडेकरू चालत नाहीत, एनओसीही घेतलेली नाही, रविवारपर्यंत खोली सोडा. वॉचमन वडिलांची टॅक्सी आत सोडत नाही. मालकही निघा म्हणतात, वर लॉक-इन आणि रंगकामाचे म्हणून साठ हजार कापणार आहेत. करार रजिस्टर नाही, म्हणजे आमच्या हातात काहीच नाही का?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मालक नेमकं तेच तुमच्या मनात भरवतायत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ काढून वाचा. लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीसाठी घरात राहायचा परवाना देणारा करार, लेखी असला पाहिजे, नोंदवलेला असला पाहिजे आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, असं ते सांगतं. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे कागद कच्चा राहिल्याचा भुर्दंड कायद्याने तुमच्यावर टाकलेला नाही.

‘अकरा महिन्यांच्या आत असेल तर रजिस्टर लागत नाही’ हे ऐकून ऐकून लोकांना पाठ झालंय. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, तिथून ही अकराची खोड लागली. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला ती पळवाट नाही. करार तीन महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

बरं, वाचवले किती, तेही बघा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के : तीन महिन्यांचं भाडं ९६ हजार, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज ३,७५० रुपये. एकूण ९९,७५० वर साधारण अडीचशे रुपये. मुंबईत नोंदणी फी एक हजार. ब्रोकरला महिन्याचं भाडं मोजलं जातं आणि इथे हात आखडतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता सोसायटी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सभासदाला सोसायटीची एनओसी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडून कळवावं लागतं, आणि ते काम मालकाचं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्यांच्याकडून बिनभोगवटा (नॉन-ऑक्युपन्सी) शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. रोज नवं गिऱ्हाईक आणून फ्लॅटचं लॉज केलं तर तक्रारीला जागा आहे. बापलेक तीन महिने सलग राहतात त्याला लॉज म्हणत नाहीत. ‘पेशंट नको’ या अटीला तर कुठलाच आधार नाही. कॅन्सर संसर्गजन्य नाही, हे सेक्रेटरींना वकिलाने सांगावं लागतंय.

टॅक्सी अडवणं मात्र गंभीर आहे. ज्याला जायचा हक्क आहे त्याची वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. तरी पहिल्याच दिवशी पोलीस स्टेशन गाठू नका. तुम्हाला अजून साधारण आठ आठवडे शांतपणे काढायचे आहेत आणि दीड लाख परत घ्यायचेत. केस जिंकून वडिलांची केमो सुकर होणार नाही. आधी पत्र. ते मालकांना व्हॉट्सअॅपवर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, प्रत सेक्रेटरींना. मजकूर साधा ठेवा :

‘आपल्यात अमुक तारखेपासून तीन महिन्यांसाठी, दरमहा ३२,००० रुपये भाड्याने राहण्याचं ठरलं. डिपॉझिटपोटी १,००,००० रुपये ऑनलाइन आणि ५०,००० रुपये रोख आपल्याला मिळाले आहेत. आजवरचं भाडं चुकतं आहे. कलम ५५ प्रमाणे उरलेल्या मुदतीचा करार नोंदवून सोसायटी व पोलिसांना कळवावं. नोंदणीचा खर्च मी करतो. मुदतीआधी काढल्यास डिपॉझिटची पूर्ण रक्कम आणि नुकसानभरपाई मागावी लागेल.’

रोख पन्नास हजारांचा आकडा न विसरता लिहा. मालकांनी ‘हो’ म्हटलं तर पुरावा झाला, आणि गप्प राहिले तरी उपयोग होतो. हे चॅट फोनमधून पुसू नका. पुढे कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. खर्च तुम्ही करायला मी सांगतोय तो मालकांचा शेवटचा बहाणा काढून घेण्यासाठी. करार ऑनलाइन नोंदवता येतो, अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारे मुंबईत भरपूर आहेत. वडिलांना कुठे न्यायला नको. करार तुमच्या नावाने आहे, अंगठा तुमचा.

साठ हजारांच्या कपातीत दम नाही. लॉक-इन असतं ते राहणाऱ्याने मध्येच सोडू नये म्हणून. इथे काढतायत ते स्वतः, मग दंड तुम्हाला कसला? उलट भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ६४ सांगतं की पैसे घेऊन दिलेला परवाना, घेणाऱ्याची चूक नसताना मुदतीआधी काढून घेतला तर भरपाई मागता येते. याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळही द्यावा लागतो. केमोच्या रुग्णाला रविवारची मुदत कुठलंही कोर्ट वाजवी म्हणणार नाही. रंगकामाचं करारात लिहिलं नसेल तर पाच आठवड्यांत भिंतींचं काय झालं हे दाखवायला सांगा.

एक मोह टाळा : डिपॉझिट अडकलंय म्हणून भाडं थांबवू नका. थकबाकीदार झालात की बाजू उलटते. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला मालक तयार असतील तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या. थोड्या मुदतीच्या घरात डिपॉझिट सोडवण्याचा याहून सोपा रस्ता मला तरी माहीत नाही.

पत्रानंतरही गेट अडवलं किंवा कुलूप बदललं, तर १०० किंवा ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवलेली नाही हे तिथे निघेलच, आणि त्याचं उत्तर मालकांना द्यावं लागेल. बऱ्याच मालकांचा सूर इथेच बदलतो.

जाताना रिकाम्या खोलीचा व्हिडिओ, मीटरचं रीडिंग, आणि पैसे खात्यात आल्यावरच चावी.

हे सगळं ठरलेल्या तीन महिन्यांपुरतं. मुदत संपल्यावर बसून राहिलात तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागू शकते, तेव्हा उपचार लांबणार असं डॉक्टर म्हणाले की मुदत संपण्याआधीच नवा करार नोंदवा. मालक नाही म्हणाले तर टाटामधल्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून नाव आत्ताच घालून ठेवा.