पेनड्राइव्हला कुलूप

प्रश्न: पेनड्राइव्हमध्ये घरच्यांचं आधार, पॅन, सातबारा सगळं स्कॅन करून ठेवलंय, परवा झेरॉक्सच्या दुकानात विसरलो, मिळाला परत पण जीव टांगणीला लागलेला. फोल्डर हिडन केलाय, तेवढं पुरे का?

उत्तर: अजिबात नाही हो, हिडन म्हणजे दाराला नुसता पडदा. विंडोज प्रो असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून बिटलॉकर (पेनड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावणारी विंडोजचीच सोय) चालू करा, विंडोज होममध्ये तो पर्याय नसतो, मग तेच काम करणारं व्हेराक्रिप्ट सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की (पासवर्ड विसरलात तर कुलूप उघडणारा क्रमांक) देतं, ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा, त्याच पेनड्राइव्हवर नको (असे महाभागही भेटलेत!). पासवर्ड आणि की दोन्ही गेलं तर डेटा गेलाच समजा. आणि झेरॉक्सवाल्याकडे लागेल तेवढीच पीडीएफ दुसऱ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर न्या, कारण तिथे पासवर्ड टाकला की सगळंच उघडं.